टिकल्या नसलेली गल्ली

अजाणता झालेल्या चुकीला प्रायश्चित्त असते. जाणूनबुजून झाकलेल्या सत्याचा भार मात्र झाकणाऱ्याइतकाच त्याच्यावर विसंबणाऱ्यांनाही वाहावा लागतो. आणि पांडुरंगरावांवर तर अख्खी गल्ली विसंबून होती.

कंपू नावाच्या वस्तीतल्या त्या गल्लीत दत्ताचे लहानसे मंदिर होते. संस्कृतचे निवृत्त शिक्षक पांडुरंगराव तेथे नित्य पूजा करीत आणि दर गुरुवारी आरतीनंतर स्वहस्ते तीर्थ देत. वस्तीत कावीळ पसरली, तेव्हा आरोग्य विभागाची तन्वी घरोघर चौकशी करीत त्यांच्या दाराशी आली.

"आजोबा, घरी कुणाला कावीळ आहे का? बस, हो की नाही तेवढं सांगा. जिथे पेशंट जास्त, तिथली पाइपलाइन आधी खोदणार आहेत."

आतल्या खोलीत नातू अभिराम पिवळ्या डोळ्यांनी पडून होता. हो म्हणावे, तर दोष पाण्याचा ठरणार. आणि त्याच नळाचे पाणी अभिषेकाला, तेच तीर्थाला.

"आमच्याकडे सर्व कुशल आहे," पांडुरंगराव म्हणाले.

शेजारच्या ओट्यांवर ते ऐकू गेले. पुढच्या प्रत्येक दारी तन्वीला तेच उत्तर मिळाले. गुरुजी नाही म्हणतात, तिथे हो कोण म्हणणार?

पंधरवड्याने शाळेच्या सभागृहात वॉर्डाची सभा भरली. भिंतीवर वस्तीचा मोठा नकाशा लावला होता आणि रुग्ण असलेल्या प्रत्येक घरावर तन्वीने लाल टिकली चिकटवली होती. "इतक्या टिकल्या घेतल्या, तर पाटणकर बाजारातला दुकानदार विचारत होता, लग्न कुणाचं आहे म्हणून," असे ती कुणाला तरी सांगत होती. आजूबाजूच्या गल्ल्या टिकल्यांनी भरून गेल्या होत्या. दत्ताची गल्ली कोरी होती.

सभेला आलेले पालिकेचे साहेब कौतुकाने हिंदीत म्हणाले, "पंडितजी, आपकी गली तो मिसाल है! ज़रा बताइए, आप लोग क्या करते हैं?"

टाळ्या पडल्या. खोदकामाच्या क्रमात त्यांची गल्ली सर्वांत शेवटी लागली होती.

पांडुरंगरावांना उठवेना. मागच्या रांगेतून विजयाबाईंचा आवाज आला. त्यांचे घर मंदिराच्या समोरच. सून शिखा पहिलटकरीण.

"सांगा ना, गुरुजी. आमची शिखा काविळीनं दवाखान्यात पडलीय, ते पण सांगा. ही पोरगी आली होती तेव्हा मीच नाही म्हणाले. म्हटलं, देवाच्या गल्लीची बदनामी माझ्या तोंडून कशाला?"

"आणि बाळ?" पांडुरंगरावांनी कसेबसे विचारले.

"काल गेलं."

दर गुरुवारी पदर सावरून शिखा तळहात पुढे करी. बाळासाठी म्हणून ती पुन्हा एकदा हात पुढे करी, आणि ते हसून दुसरी पळी घालीत. ते सारे त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

ते नकाशापाशी तन्वीकडे गेले. "टिकल्या दे, बाळ."

"आजोबा, तुम्ही बसा ना. मी लावते."

"नाही. ही मलाच लावू दे." त्यांनी स्वतःच्या घरावर टिकली लावली. "हा अभिराम, माझा नातू. तू आलीस तेव्हा तो आत निजला होता. मी तुझ्याशी खोटे बोललो. मंदिराचा नळ आणि गल्लीचे नळ एकाच वाहिनीवर आहेत. ती आधी खोदा."

मग कोपऱ्यावरचे जयसिंहराव उठले. "माझ्या घरावर दोन लावा, गुरुजी. मी काय हळद लावून पिवळा झालोय?"

कुणी हसले नाही. एकेक करून गल्ली नकाशापाशी आली. साहेबांनी खोदकामाचा क्रम बदलला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत कुदळी पडल्या आणि गटाराच्या कडेने गेलेली फुटकी वाहिनी सापडली. त्या वेळी पांडुरंगराव दवाखान्यात शिखाच्या खोलीच्या दारात उभे होते. आत जाण्याचा धीर होत नव्हता. विजयाबाईंनी त्यांना पाहिले. या म्हणाल्या नाहीत, जा असेही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त दारातले स्टूल बाजूला सरकवले.

शिखाने डोळे उघडले. गुरुजी दिसताच, सवयीने, ती पाया पडण्यासाठी कोपरावर उठू लागली.

"नको, पोरी, नको." त्यांनी दोन्ही हात पुढे करून तिला थांबवले. "तू निजून राहा."

पाठ असलेले आशीर्वादाचे एकही वचन उच्चारण्याचा अधिकार आता आपल्याला उरला नाही, असे त्यांना वाटले. ते खाली मान घालून उभे राहिले आणि मनातल्या मनात एवढेच म्हणाले: या मुलीला बळ येवो, हिची कूस पुन्हा भरो, आणि माझ्या शब्दाखातर ज्यांनी आपली दुखणी झाकली, त्या सर्वांच्या घरी निर्मळ पाणी येवो.