आरशातला दुसरा चिमणा

मी आरसा. घरातला नव्हे, गाडीचा. चालकाच्या दाराबाहेर लटकणारा.

कारखान्यातून निघालो तेव्हा कोरा करकरीत होतो. नशिबी आली ती ड्रायव्हिंग शिकवायची गाडी. नवशिक्यांनी मला फाटकाला घासलं, खांबाला धडकवलं. माझा एक स्क्रू कायमचा सैल झाला. पण गाडीचे मालक कधी कुणावर ओरडले नाहीत. त्यांना सगळे मास्तर म्हणतात.

गेल्या थंडीत मास्तर जिन्यावरून पडले आणि पाय मोडला. पुढे प्लास्टर निघालं, हाड जुळलं, तरी ते वरच्या खोलीतल्या खिडकीपासून हलेनात. मी खाली तुतीच्या झाडाशी, धुळीत. रस्त्याची चटक लागलेल्याने नुसतं उभं राहायचं म्हणजे शिक्षाच!

मग हवा बदलली. तुतीच्या काळपट फांद्यांवर हिरवे ठिपके फुटले. भिंतीच्या भेगेतून मुंग्या निघाल्या, मधमाश्या गुणगुणू लागल्या. जो तो घाईत, आणि मी आपला सैल स्क्रूवर थरथरत.

अशात एक चिमणा माझ्यावर येऊन बसला. त्याची चिमणी समोरच्या मीटरच्या पेटीमागे काड्या नेत होती. त्याने वाकून माझ्यात पाहिलं, तर आत दुसरा चिमणा! झालं, टक टक टक. दिवसभर तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. घरटं राहिलं बाजूला. चिमणी एकटीच राबत होती. ओरडून सांगावंसं वाटे, अरे बाबा, इथे कुणी नाही रे, तूच आहेस! पण आरशाला आवाज कुठला?

एका सकाळी माझ्या काचेवर रक्ताचा ठिपका उमटला.

वरून मास्तर ओरडले, "ताई, अगं तो मरेल! तेवढा आरसा झाक!"

त्यांची थोरली बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझे हात पिठात आहेत. एवढी कळकळ आहे तर तूच जा की!"

"कसा जाऊ? जिना आहे ना मध्ये!"

"मग बस बघत."

टक टक चालूच होती. थोड्या वेळाने जिन्यात काठी वाजली. थांबली. पुन्हा वाजली. मास्तर कठडा धरून, घामाघूम होऊन दारात आले. एक मोजा पायात, दुसरा हातात. हातातला त्यांनी माझ्यावर चढवला. मग मला धरून दम खात उभे राहिले. ताई तशीच पिठाच्या हातांनी धावत आली. तिने खुर्ची आणून ठेवली.

तेव्हापासून मी अंधारात आहे. मास्तर रोज उतरतात, गाडीत बसतात, क्लच दाबून बघतात. टपावर पिकलेल्या तुती टपटपतात. पेटीमागे पिल्लांचा नुसता कलकलाट. सगळं ऐकू येतं, दिसत काहीच नाही. जीव नुसता कासावीस होतो.

आज मास्तर म्हणाले, "ताई, उद्या गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊ या."

तेव्हापासून मला चैन नाही. उद्या मोजा निघणार, रस्ता दिसणार! पण मास्तर, एक विनवणी आहे. परत आल्याबरोबर मला झाका. चिमणा आता बाप झालाय. त्याला भांडायला सवड देऊ नका.