शांतवनचं नाव

आमच्या घरात एखादं जेवण चुकायचं, पण संध्याकाळी सातची प्रार्थना चुकायची नाही. ही आबांची शिस्त. आबा म्हणजे माझे वडील, आकाराम मास्तर. चर्चच्या पंचमंडळात होते, आणि "रोज गुडघं टेकायची सवय लावा, बाकीचं देव बघतोय" असं साऱ्या मंडळीला सांगत फिरायचे. लाईट गेली तर कंदील लावून, पाहुणे आले तर पाहुण्यांसकट. चटईवर बसायचं, एक गीत म्हणायचं, शास्त्रातला उतारा वाचायचा, आणि मग आबा एकटेच मोठ्यानं प्रार्थना करायचे. आईनं आणि मी शेवटी फक्त आमेन म्हणायचं.

त्यांच्या प्रार्थनेत नावांची ही मोठी रांग असायची. चर्चचे पाळकसाहेब, मंडळीतली आजारी माणसं, चंदगडची आत्या, सगळ्यात शेवटी मी. शेजारच्या गुंडूमामांची म्हैस अडली होती तेव्हा तिच्यासाठीही पाच मिनिटं प्रार्थना झाली. एकच नाव नसायचं, माझ्या भावाचं, शांतवनचं. ९६ साली त्यानं हातकणंगल्याच्या स्नेहलशी देवळात लग्न लावलं, आणि त्या संध्याकाळपासून आबा माझ्या नावापाशीच थांबू लागले. म्हशीला जागा होती, पोटच्या पोराला नव्हती. मला संताप यायचा, पण आबांपुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

२००३च्या उन्हाळ्यात शांतवनला कावीळ झाली. आधी साधी वाटली, मग पोटात पाणी झालं. आबांना न सांगता आई मला घेऊन एसटीनं हातकणंगल्याला गेली. तो ओळखू येत नव्हता. निघताना त्यानं आईचा हात धरला.

"आबा प्रार्थनेत माझं नाव घेत्यात का गं?"

"रोज घेत्यात की," आई म्हणाली.

आई खोटं बोललेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. आम्ही घरी परतलो. सात वाजता आबा चटईवर बसले तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं.

"आज त्याचं नाव घ्या. माझं खोटं खरं करा."

"तू चुलीपाशी प्रार्थना करतीसच की त्याच्यासाठी."

"माझी येगळी. त्याला बापाच्या तोंडची पायजे."

आबा म्हणाले, "आधी त्यानं मंडळीपुढं चूक कबूल करावी. मग रोज घेतो."

प्रार्थना झाली आणि माझ्या नावापाशी संपली. आई आमेन म्हणाली नाही.

"आमेन म्हण," आबा म्हणाले.

"नाव घेतलासा की म्हणते."

भांडण वाढू नये म्हणून मी मात्र खणखणीत आमेन म्हटलं. त्याची मला आजही लाज वाटते.

असे अकरा दिवस गेले. रोज माझ्या नावानंतर आबा घसा खाकरायचे, थांबायचे, आणि मला वाटायचं, आता घेतील. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, तसला माणूस. रोज आई गप्प, रोज माझं आमेन.

बाराव्या दिवशी सकाळी गुंडूमामांकडे फोन आला. स्नेहलचा भाऊ कृष्णात बोलत होता. आम्ही पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. आबा टोपी हातात घेऊन अंगणाच्या कडेला उभे राहिले. त्यांना पुढे या असं कुणी म्हटलं नाही.

परत घरी आलो आणि सात वाजले. आज तरी प्रार्थना राहील असं मला वाटलं, पण आबांनी चटई अंथरली. गीत नाही, उतारा नाही. सरळ नावं सुरू झाली. पाळकसाहेब झाले, आत्या झाली, मी झाले.

"शांतवन," आबा म्हणाले आणि थांबले.

पुढे मागणार काय? मेलेल्यासाठी प्रार्थना करायची नसते, जे मागायचं ते माणूस जिवंत असताना, हे आबांनीच मंडळीला शिकवलं होतं. मंडळीतल्या शालूबाईंचा नवरा गेला तेव्हा त्या बिचारीला त्यांनी यावरूनच गप्प बसवलं होतं. बरं कर म्हणायची वेळ कालपर्यंत होती. घरी आण म्हणायला सात वर्षं होती.

आबांनी डोळे उघडले आणि आईकडे बघितलं.

"काय मागू गं?"

"आता काय बी मागू नगासा. नुसतं नाव घ्या."

आबांनी घेतलं. मग परत घेतलं. रडत रडत घेतच राहिले. मला त्यांची कीव आली, पण राग काही गेला नाही. आई डोळे मिटून ऐकत होती. आबांचा आवाज बसला तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं.

"त्यो इचारत हुता," ती म्हणाली. "उशीर केलासा."

आणि आमेन न म्हणता ती उठून आत गेली.