बेटावर न गेलेली टोपली

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे. झाकण, दोन कड्या, आतून निळं कापड. जुनी म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, हिने बिचारीने खूप प्रवास केला असेल, ऊन-वारा सोसला असेल. कसलं काय! मी कांदे सोसले. रागावून बोलते आहे, ते समजून घ्या. रागावण्यासारखंच घडलं आहे.

मला विणणाऱ्या म्हाताऱ्याने माझ्या तळाला चार बुटके पाय लावले होते. "ही समुद्रावर जाणारी टोपली आहे," तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "ओल्या वाळूत ठेवली तरी तळ भिजायचा नाही." ते ऐकून मी फुगले. मला विकत घेणाऱ्या बाईंचा चेहरा माझ्याहून जास्त फुलला होता. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं आणि नवऱ्याला बोटीच्या धक्क्यावर तिकिटं द्यायची नोकरी होती. सगळा धक्का त्यांना 'खिडकीवाले' म्हणायचा. घर तिकीटघराच्या मागेच. स्वयंपाकघरातून समोर तीन बेटं दिसायची. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं! रोज नाही, तर निदान दर रविवारी समुद्र.

त्या तीन बेटांपैकी एकावर बाईंची ताई राहायची. लग्न होऊन ती तिकडे गेली आणि सासूच्या हाताखाली तिथला गोड पदार्थ शिकली. प्रत्येक बेटाचा गोड पदार्थ वेगळा. एकाचा केळ्याचा, एकाचा तांदळाचा, आणि ताईच्या बेटाचा नारळाच्या दुधाचा. त्याला वेगळं नाव नाही, तिथे नुसतं 'गोड' म्हणतात. मंद आचेवर घोटून घोटून वाटीत ओतायचं. वर जाड साय धरते, खाली गूळ बसतो. ताईने किनाऱ्यालगत चार बाकड्यांचं दुकान टाकलं होतं. मोसमात तिला श्वास घ्यायला फुरसत नसायची. म्हणून ती बहिणीसाठी डब्यात भरून बोटीने 'गोड' पाठवायची. बोटीच्या हेलकाव्यांनी साय बुडायची, गूळ वर यायचा आणि पाणी सुटायचं. बाई ते थंडगार पाणी चमच्याने प्यायच्या आणि निरोप पाठवायच्या, "छान झालं होतं."

ताईचा उलटा निरोप ठरलेला. "छान कसलं, डोंबल! इथे येऊन खा."

"अहो, एकदा जाऊ या ना," बाई म्हणायच्या.

"जाऊ गं. आपलंच तर आहे, कुठे पळून जातंय?" खिडकीवाले म्हणायचे.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या वेताला पीळ पडायचा बाकी राहिला. रजा मिळाली की ही दोघं आगगाडीने कुठल्या तरी लांबच्या थंड हवेच्या ठिकाणी जायची. तिथे रांगेत उभं राहून धबधबा बघायची. मी? मी फळीवर. दूर जायचं तर मोठी बॅग लागते, टोपली नाही. आधी माझ्यात कांदे आले, मग लोकर, मग कपड्यांचे चिमटे. एकदा मांजरी व्याली माझ्यात. पिल्लं गोड होती, तक्रार नाही, पण निळ्या कापडाचं जे व्हायचं ते झालंच. आणि रोज सकाळी शेजारच्या खिडकीतून खिडकीवाल्यांचा आवाज यायचा, "या बेटाची वाळू साखरेसारखी बरं का! या बेटाचं पाणी काचेसारखं!" स्वतः पायाचा अंगठाही न बुडवता हा माणूस साऱ्या जगाला बेटांवर धाडत होता.

अशी वर्षं गेली. मग एका दुपारी ताईचा फोन आला. बाईंनी चिमटे उचलता उचलता तो घेतला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"या मोसमानंतर चूल बंद करतेय. खांद्यातून कळ येते, घोटवत नाही आता. मुलीकडे राहायला जाणार, लांब."

बाईंनी चिमटे जमिनीवर ओतले, मला झटकलं, पुसलं आणि उन्हात ठेवलं. संध्याकाळी खिडकीवाले घरी आले तेव्हा मी दारातच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि मुकाट्याने येत्या सुट्टीच्या दिवसाची रजा टाकली. मोसम संपत आला होता.

काय सांगू तुम्हाला त्या सकाळचा थाट! माझ्यात ब्रेड, उकडलेली अंडी, केळी, पाण्याची बाटली, ताईसाठी नवं लुगडं. खिडकीवाल्यांनी कोरा शर्ट घातला होता. त्यांच्या खिडकीत बदली माणूस बसला होता. बेटांची नावं ते घेतच नसत. हिरवं, गुलाबी, पिवळं, ही तिकिटांच्या रंगांची त्यांची भाषा. ताईचं बेट पिवळं. "पिवळं म्हणजे पहिला थांबा," ते ऐटीत म्हणाले. "झोपेतसुद्धा सांगेन."

आता ऐका. रोज पहिला थांबा पिवळाच असतो. पण सुट्टीच्या दिवशी, गर्दी विभागावी म्हणून, बोट उलटी फिरते. आधी हिरवं, मग गुलाबी, शेवटी पिवळं. हे मला, एका टोपलीला, पाठ आहे. कारण प्रत्येक सुट्टीला हेच गृहस्थ खिडकीतून घसा फोडून ओरडायचे, "आज बोट उलटी फिरणार! विचारून उतरा!" त्या सकाळी बदली माणूसही तेच ओरडला. पण ती सूचना प्रवाशांसाठी असते, आणि खिडकीवाल्यांनी जन्मात स्वतःला प्रवासी समजलं नव्हतं.

पहिल्या थांब्यावर ते मला उचलून उतरू लागले. बोटीवरचा खलाशी म्हणाला, "काका, इथेच ना नक्की?"

"मला शिकवतोस?" खिडकीवाले म्हणाले आणि उतरले.

किनारा सुंदर होता, खोटं कशाला बोलू? वाळू खरोखर साखरेसारखी. माझे चार पाय पहिल्यांदा ओल्या वाळूत रुतले आणि तळ कोरडा राहिला. म्हाताऱ्याचा शब्द खरा ठरला. पण ताईचं दुकान काही दिसेना. शेवटी बाईंनी जाळं सांधत बसलेल्या एका बाईला विचारलं.

"ताईंचं दुकान? ते काय!" तिने सुईनेच पाण्यापलीकडे दाखवलं. समोरच्या बेटावर झाडांमध्ये एक लाल छप्पर होतं, आणि त्यातून धूर निघत होता.

बोट तोवर निघून गेली होती. पुढची थेट संध्याकाळी.

बाई समुद्राकडे पाठ करून बसल्या. खिडकीवाल्यांनी पँट दुमडली, उगाच पाण्यात पाय घातले आणि खुळ्यासारखे ओरडले, "अगं, पाणी खरंच काचेसारखं आहे की! मी आपला लोकांना नुसता सांगायचो!"

"मग सांगत बसा," बाई म्हणाल्या.

जाळंवालीने तिच्या घरून केळ्याचा गोड पदार्थ आणून दिला. खिडकीवाल्यांनी दोनदा मागून घेतला. बाईंनी एक घास खाल्ला, छान आहे म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी तिथेच होते, पण टोपली काय करणार? नुसता चरफडाट.

संध्याकाळची बोट गुलाबी बेटाला लागून शेवटी पिवळ्या बेटाला लागली. धक्क्यावर ताई उभी होती, हातात वाटी, वाटीवर बशी. सकाळची बोट रिकामी गेल्यापासून ती सारखी धक्क्यावर येऊन बघून जात होती म्हणे. बाई उतरायला पुढे झाल्या.

"अगं, ही शेवटची बोट!" खिडकीवाल्यांनी त्यांचा दंड धरला. "सकाळी खिडकी कोण उघडणार? बदली माणूस आजच्यापुरताच होता."

बाई बोटीच्या उतरायच्या फळीवर थांबल्या. ताईने वाटी हातात दिली, बाईंनी लुगडं तिच्या हातात दिलं. "निवलं गं," ताई म्हणाली, "सायही फाटली. तीनदा नवीन केलं मी." बाईंनी उभ्या उभ्या दोन चमचे खाल्ले तोच शिट्टी झाली. फळी ओढली गेली. वाटी बाईंच्या हातातच राहिली. परतीच्या वाटेवर ती माझ्यात होती आणि प्रत्येक लाटेला माझ्या काठावर आपटत होती. घरी पोचल्यावर बाईंनी वाटी धुतली, पुसली आणि पुन्हा माझ्यातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी चिमट्यांची वाट बघत होते. चिमटे आले नाहीत. बाईंनी वाटीत मूठभर बदाम घातले, कारण कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. मग मला उचललं आणि थेट तिकिटाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. आमचा नंबर आला. खिडकीतून खिडकीवाले बघतच राहिले.

"एक पिवळं," बाई म्हणाल्या.

"एकच? अगं, थांब की, पुढच्या महिन्यात मी रजा..."

"तुम्ही या सावकाश. आपलंच तर आहे, कुठे पळून जातंय?"

मागची रांग खो खो हसली. खिडकीवाल्यांनी मान खाली घालून तिकीट फाडलं आणि हळूच म्हणाले, "सुट्टी नाही आज. पहिलाच थांबा."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

ताईने चुलीवरून उतरवून वाटी भरली आणि समोर ठेवली. बाईंनी साय मोडली, तळापासून गूळ उचलला, पहिला चमचा तोंडात घातला आणि तशाच थांबल्या.

"काय गं? बिघडलंय का?" ताईने घाबरून विचारलं.

"हे गरम असतं?" बाई म्हणाल्या. "ताई, हे गरम असतं?"

मग त्या रडल्या, रडता रडता खात राहिल्या आणि खाता खाता नवऱ्याला शिव्या देत राहिल्या. ताईने दुसरी वाटी भरली. पंधरवड्याने ती चूल कायमची विझली.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुठल्या तरी फळीवर माझी एखादी बहीण असेल. तिच्यातले कांदे आज काढा. उद्या नको. माझी मालकीण खिडकीतून रोज ती बेटं बघायची, आणि 'गोड' गरम असतं हे तिला चूल विझायच्या वेळी कळलं.