चौदाचं तिकीट

मुनीरशेठचा तापटपणा भिवंडीत धामणकर नाक्यापासून पार अंजूर गावापर्यंत ठाऊक होता. त्याच्या कापडाच्या लूमवर धागा तुटला तर हा गृहस्थ धाग्यालाच शिव्या घालायचा. तरी शुक्रवारी दुपारी त्याच्या ऑफिसात माणसं जमायची, कारण शुक्रवारी लूम बंद, खडखडाट नाही, आणि तिकिटं जमवणाऱ्यांना भिवंडीत दुसरी जागा देतो कोण! टपालाची तिकिटं, बरं का. "शेठ, तिकिटं कुठल्या गाडीची?" असं विचारणारे बाजारात कमी नव्हते, आणि तो त्यांना जे उत्तर द्यायचा ते इथं सांगण्यासारखं नाही.

त्या शुक्रवारी अंजूरचा भाऊ म्हात्रे मुनीरचं एक तिकीट परत द्यायला आला. ठाण्याच्या प्रदर्शनात मांडायला म्हणून त्यानं ते नेलं होतं. मुनीरच्या अब्बांनी कधीकाळी एका पाकिटावरून वाफेवर सोडवलेलं, कुठल्याशा बुडालेल्या संस्थानाचं, लालसर, दिसायला अगदी फालतू. सगळी मातब्बरी त्याच्या कडेच्या दातांत. तिकिटं फाडायला कडेनं जी भोकं पाडतात, ती दोन सेंटीमीटरांत किती बसतात हे पट्टी लावून मोजायचं; पट्टीवर तेरा, चौदा अशा प्रत्येक आकड्याची ठिपक्यांची वेगळी रांग असते. या छापाची तेराची तिकिटं पैशाला पासरी. चौदाचं मात्र शोधून सापडायचं नाही, आणि मुनीरचं चौदाचं होतं. जिवाचा तुकडा तो, सख्ख्या भावालाही दिला नसता. भाऊला दिला, कारण मिसरूड फुटल्यापासून दोघांचं ताट एक होतं.

मुनीरची जुनी स्टीलची पट्टी मध्यंतरी हरवली होती. म्हणून त्यानं मोबाइलवर एक पट्टी शोधून झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली. दुकानदारानं ती पानात छान बसवून, वर प्लास्टिक चढवून दिली. मुनीर खूश! मृणाली नावाची कॉलेजात शिकवणारी बाई बैठकीला यायची, तिलाही त्यानं ती कौतुकानं दाखवली.

तिकीट हातात येताच सवयीनं त्यानं ते पट्टीवर सरकवलं. चौदाच्या रांगेत ठिपके आणि भोकं जुळेनात. दोन-चार भोकं बरी जायची, पुढं ठिपका दातावर चढायचा. तेराच्या रांगेत आणलं, तर एकूण एक ठिपका भोकात.

मुनीरच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

"भाऊ, हे माझं तिकीट नाही."

"तुजंच हाय. दुसरं कुनाचं?"

"माझं चौदाचं होतं. हे तेराचं आहे. बघ, डोळे असतील तर बघ!"

"मी दात मोजत न्हाय बसलो. दिलंस तसं आनलंय."

"दिलं तसं? अरे, माझ्या बापाची चीज विकून खाल्लीस आणि वर तोंड करून बोलतोस? चोर साला! और मैं इसको भाई समझता था!"

मृणाली म्हणाली, "मुनीरभाई, जरा दमानं घ्या, पुन्हा एकदा मोजू." पण ऐकतो कोण! मुनीरनं ते तिकीट उचललं, सगळ्यांदेखत टराटरा फाडलं आणि भाऊच्या अंगावर भिरकावलं. "ही तुझी रद्दी. माझं आणशील तेव्हाच पायरी चढ."

भाऊचा चेहरा राखेसारखा झाला.  चपला घातल्या आणि गेला.

घरी आला तरी मुनीरचं डोकं शांत होईना. त्यानं अख्खा अल्बम जमिनीवर पसरला. भाऊनं आणखी काय काय लांबवलंय, बघूच म्हणाला. पहिलंच चौदाचं तिकीट लावलं, तर तेरा. दुसरं लावलं, तर तेरा. जे जे चौदाचं, ते ते तेरा! दुसरा कोणी असता तर इथंच थबकला असता. मुनीर मात्र ओरडला, "हमिदा! हरामखोरानं पूर्ण अल्बम बदलला!"

त्याची बायको हमिदा शिलाई मशीनवर बसली होती. तिची जीभ नवऱ्याच्या वरताण.

"सगळीच तिकिटं बदलली? तो काय गोणी घेऊन आला होता?" ती म्हणाली. "व्यापारी म्हणतो कापड कमी भरलं, तेव्हा तुम्ही आधी काय करता?"

"त्याची मीटरपट्टी तपासतो."

"आणि इथं अक्कल कुठं गेली?"

तिनं गळ्यातली टेप काढली आणि त्या छापील पट्टीच्या तळाशी लावली. तिथं एक रेघ होती, शेजारी लिहिलेलं, पाच सेंटीमीटर. टेपवर ती रेघ पाचापर्यंत पोचलीच नाही. पानात छान बसवायच्या नादात दुकानदारानं सगळी पट्टीच बारीक करून छापली होती, ठिपके जवळ आले होते, म्हणून चौदाचं तिकीट तेराच्या रांगेत बसत होतं.

 मापात हयात गेलेला माणूस, आणि साधी पट्टी तपासली नाही! अब्बांचं तिकीट त्यानं स्वतःच्या हातानं फाडलं होतं. पण त्याहून वाईट म्हणजे, भाऊला चोर म्हटलं होतं.

रविवारी तो अंजूरला गेला. भाऊ ओट्यावर बसला होता. त्यानं बस म्हटलं नाही. जानकीबाई, भाऊची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आली, तर भाऊ म्हणाला, "ने आत."

मुनीरनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्टी, रेघ, हमिदाची टेप. "चूक झाली, भाऊ. माफ कर."

"घरात येऊन कानात सांगतस? चोर म्हनालास तवा चार लोक व्हते. तितंच बोल."

मुनीरच्या डोक्यात पुन्हा काहीतरी सणकलं. एवढा मोठा लूमवाला दारात उभा, आणि हा पाणीही देत नाही! पण त्यानं ते गिळलं. शुक्रवारी सांगतो म्हणाला.

शुक्रवारी सगळे आले. भाऊही आला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला. मुनीर उभा राहिला. ती पट्टी त्यानं सगळ्यांना दाखवली, टेप लावून रेघ दाखवली. "भाऊनं काही केलं नाही. तिकीट माझंच होतं, चौदाचंच होतं, आणि फाडलं मीच. ही पट्टी चुकीची निघाली म्हणून हे सगळं झालं."

"झालं तर मग!" मृणाली म्हणाली. "भाऊकाका, आता राग सोडा. पट्टीचाच दोष."

मुनीरनं हात पुढं केला. भाऊनं त्या हाताकडं पाहिलं.

"पट्टीनं तेरा सांगितलं," तो म्हणाला. "चोर कुनी सांगितलं?"

मुनीरनं हातातल्या पट्टीकडं बघितलं.

"दुसरा कोनी असता तर तू दोनदा मोजलं असतंस, मुनीरशेठ. मी चोर हाय हे तुला एका मापात पटलं."

"भाऊ, असं नाही रे..."

"असंच हाय. माजं नाव साफ करायला आलतो. झालं. आता यायचा न्हाय."

भाऊ उठला आणि जिना उतरून गेला. कोणी त्याला अडवलं नाही, अडवायला तोंड कुणाला होतं? मुनीर पुढं केलेला हात तसाच ठेवून उभा राहिला, आणि मग चारचौघांत ढसाढसा रडला.