बादलीतला खरा आकडा

मी सांडपाण्याच्या टाकीतला प्रोब बोलतोय. दोन बोटं जाड, हातभर लांब. पाण्यात प्राणवायू किती विरघळलाय, एवढंच मला कळतं. बाकी मी ठार अडाणी. म्हणूनच सगळ्यांचा माझ्यावर विश्वास.

शहराची घाण आमच्या टाकीत येते आणि कोट्यवधी जिवाणू ती खातात. त्यांना हवा लागते. मी येण्याआधी ब्लोअर दिवसरात्र पूर्ण जोरात हवा फुंकायचा. गरज असो वा नसो. कितीतरी वीज नुसती बुडबुड्यांत जायची. मी आल्यावर ब्लोअर माझ्या आकड्याप्रमाणे चालू लागला. वीज वाचली, जिवाणूही जगले.

टाकी सांभाळणारे काका रोज मला वर ओढून पुसत. पाण्याचा रंग बघून म्हणत, "मंडळी पोटभर जेवतायत." त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

मग सांडपाणी केंद्रांसाठी वीजबचतीची स्पर्धा जाहीर झाली.

"काका, ब्लोअर अजून कमी करा," केंद्राचे साहेब म्हणाले.

"जिवाणू गुदमरतील, साहेब."

"त्यांची काय युनियन आहे? हाताने कमी केला तर नोंद होते. प्रोब स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवा, आपोआप मंदावेल. स्पर्धेपुरतंच."

"लेखी द्याल?"

"एवढाही भरवसा नाही माझ्यावर?"

काका ओशाळले. भिडेपोटी त्यांनी मला बादलीत सोडलं.

बादलीत प्राणवायू भरपूर होता. मी तसं सांगितलं. मी खोटं बोललो नाही. बादलीबद्दल अगदी खरं बोललो. ब्लोअर मंदावला.

चौथ्या दिवशी टाकी काळवंडली. पाचव्या दिवशी सडक्या अंड्यांचा वास सुटला. काकांनी धावत येऊन मला टाकीत टाकलं. मी शून्य दाखवलं. ब्लोअर धडधडू लागला, पण श्वास घ्यायला फारसं कुणी उरलं नव्हतं. पाणी तसंच नदीत गेलं. मेलेले मासे काठाला लागले.

चौकशीत पुरावा म्हणून मलाही टेबलावर ठेवलं होतं.

"प्रोब बादलीत कोणी ठेवला?"

"मी. साहेबांनी सांगितलं म्हणून."

"लेखी आदेश?"

काकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं पाहत होते.

काका बडतर्फ झाले. पेन्शनही गेली. स्पर्धेत आमचा पहिला नंबर आधीच लागला होता, आणि ढाल परत मागायची नियमांत तरतूद नव्हती.

दुसऱ्या शहरातून टँकरने जिवाणूंनी भरलेला जिवंत गाळ आणून टाकी पुन्हा सुरू केली. मीही कामावर आहे. गेल्या आठवड्यात काकू काकांचा डबा आणि चष्मा न्यायला आल्या. कठड्याशी थांबून त्यांनी नव्या माणसाला विचारलं, "आमचे हे काम नीट करायचे ना हो?"

"मी नवीन आहे, काकू. इथे सही करा, डबा मिळाल्याची."

वीज जरूर वाचवा. माझा जन्म त्यासाठीच. फक्त माझा आकडा वाचण्याआधी टाकीत एकदा डोकावत जा. आत कुणी श्वास घेतंय का, ते बघा.