सहा खुर्च्यांचं टेबल

मित्रांनो, माझ्या अंगावरचे हे तपकिरी डाग चहाचे नाहीत, आम्लाचे आहेत. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं जुनं लाकडी टेबल. सुताराने मला जाड फळ्यांचं, दणकट बनवलं होतं. वीस वर्षं मी परीक्षानळ्या आणि गळक्या बाटल्या सांभाळल्या. पुढे दगडी ओटे आले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

एके दिवशी जीवरसायनशास्त्राच्या बाईंनी मला शोधून वर्गात नेलं आणि माझ्याभोवती सहा खुर्च्या मांडल्या. बाईंनी व्याख्यानं बंद केली होती. त्या एखाद्या रुग्णाची हकिकत कागदावर देत आणि मुलांनी डोकं चालवून, आपसांत बोलून कारण शोधायचं. गलका तर व्हायचाच.

विभागप्रमुख सर वैतागले. "हा काय बाजार मांडलाय? सोमवारी मी स्वतः बसतो. पटलं नाही, तर हे सगळं बंद."

सोमवारी कागदावर एक वर्षाचं बाळ होतं. तापामुळे रात्रभर काही खाल्लं नाही आणि सकाळी बेशुद्ध पडलं. रक्तातली साखर अगदी कमी, चरबीतून सुटणारी फॅटी ॲसिड वाढलेली आणि लघवीत कीटोन नाहीत. वर्गातल्या पोपटाने, म्हणजे सगळं तोंडपाठ असणाऱ्या मुलाने, साखरेच्या विघटनाच्या पायऱ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. बाळाचं कोडं मात्र तसंच राहिलं.

कोपऱ्यातली घुमी मुलगी माझ्या कडेवर नख घासत होती. तीन महिन्यांत ती चार वाक्यंही बोलली नव्हती. तिचे तळवे घामाने ओले झालेले मला जाणवत होते.

"उपाशी राहिल्यावर शरीर चरबी जाळतं," ती हळूच म्हणाली. "चरबी जळली की कीटोन तयार होतात, ते लघवीत यायला हवेत. इथं का नाहीत?"

सरांना राहवलं नाही. "सोपं आहे. इन्सुलिन जास्त झालं असेल."

सगळे माना डोलवू लागले. बाईंनी मात्र त्या मुलीकडे पाहिलं.

"नाही सर." तिने कागदावर बोट ठेवलं. "इन्सुलिन चरबी सुटूच देत नाही. तसं असतं तर रक्तात फॅटी ॲसिड वाढलीच नसती. इथं वाढलीत. म्हणजे चरबी सुटतेय, पण जळत नाहीये."

सरांनी कागद दोनदा वाचला. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"चुकलो मी," ते म्हणाले. "आता पुढचं सांग. बाळासाठी काय करायचं?"

"आधी साखर द्यायची. आणि नंतर त्याला कधीच फार वेळ उपाशी ठेवायचं नाही."

त्या दिवसानंतर बंद करण्याची भाषा कोणी काढली नाही. उलट शेजारच्या वर्गातही खुर्च्या गोल मांडल्या गेल्या.

मित्रांनो, आता माझे सांधे खिळखिळे झालेत. मला पॉलिश नको. फक्त माझ्यासारख्या एखाद्या टेबलाभोवती बसाल, तेव्हा जो बोलत नाही त्याच्याकडे वळा, "तुला काय वाटतं?" असं विचारा आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबा.