फूल फाटेल, हळू मार

मित्रांनो, घटकाभर कल्पना करा. तुम्ही शर्यतीच्या रेषेवर उभे आहात. पायांत वारं भरलं आहे. आणि शिट्टी वाजायच्या आधी तुमचं सगळ्यांत लाडकं माणूस कानाशी येऊन सांगतं, "हळू धाव हं बाळा, बूट झिजतील." सांगा, कसे धावाल?

मी एक जुनी बॅडमिंटनची रॅकेट आहे आणि मला भारी राग आला आहे. वय झालं की माणसं शांत होतात म्हणे. रॅकेटचं तसं नसतं.

कारखान्यात मला साच्यात घालून भाजलं, घासलं, रंगवलं. मग यंत्रावर चढवून माझ्या चौकटीत तारा ओढल्या. तारा ओढणाऱ्या बाईंनी शेवटी नखाने टिचकी मारली आणि मी टणकन वाजले. "बोलते बरं का ही," असं म्हणून त्यांनी मला पिशवीत घातलं.

मला विकत घेतलं ते चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी. डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितलं होतं. मालकांनी एका संध्याकाळी मला घेतलं, बूट घेतले, मनगटाचे पट्टे घेतले, घाम टिपायचे रुमालही घेतले. घरी येऊन आरशासमोर मला दोनदा फिरवलं आणि घाम यायच्या आधीच रुमालाने कपाळ टिपलं. खरेदी झाली म्हणजे व्यायाम झाला, असं त्यांना मनापासून वाटत असावं. त्यांचं दुकान उशिरा बंद व्हायचं, जेवण त्याहून उशिरा, आणि सकाळी डोळा उघडायचा नाही. मी कपाटात छत्र्यांच्या शेजारी लटकत राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी खेळायचं पुन्हा मनावर घेतलं, म्हणजे आणखी महागाची रॅकेट आणली. तिला जागा हवी होती, म्हणून मी बाहेर निघाले.

दुकानाच्या मागच्या खोलीत एक कारागीर भिंगं घासून चौकटीत बसवायचे. मालकांनी मला त्यांच्यापुढे ठेवलं. "घ्या, तुमच्या लेकीला होईल. नाहीतर डास मारायला."

त्या लेकीचे पाय काडीसारखे लांब आणि तोंड अखंड चालू, म्हणून तिला सगळे टिटवी म्हणायचे. त्या संध्याकाळी तिने मला गच्चीवर नेलं आणि रिकाम्या हवेत असा काही फटका मारला की माझ्यातून वारा शीळ घालत गेला. मी थरारले. मित्रांनो, मी ज्यासाठी जन्मले ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढे माझी एक तार तुटली. नवी तार भरून घेणं घराला जड होतं. टिटवीच्या बाबांनी अर्ध्या चौकटीच्या चष्म्याला लावतात तो नायलॉनचा दोरा आणला आणि चिमट्याने ओढून गाठ मारली. त्या गाठीचा मला मालकांच्या आरशात मिरवण्यापेक्षा जास्त अभिमान वाटायचा.

जवळच एक हॉल होता. सकाळी मुलांना तिथे फुकट खेळायला मिळे. पण त्या हॉलची एक रीत होती. जो हरेल त्याने पुढच्या डावाचं फूल आणायचं. बॅडमिंटनच्या फुलाला खरी पिसं असतात. जोराचा फटका बसला की पिसं मोडतात आणि फूल बाद होतं. खेळताना ते कुणाच्या हातून मोडलं, तरी मोडणाऱ्यानेच नवं आणायचं. आणि एका फुलाच्या किमतीत टिटवीच्या घरी दोन दिवसांचं दूध यायचं.

पहिल्याच दिवशी तिने घरी ही रीत सांगितली. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. दिवसभर उभी असायची. तिच्या लेखी खेळ म्हणजे घटकाभर बसायला मिळणं.

"काय बाई तरी नियम!" आई म्हणाली. "खेळायला जायचं की दंड भरायला?"

"हरलेच नाही तर?" टिटवीने विचारलं.

बाबा हसले. "मग तर फुकटच की! पण जोरात मारू नकोस गं. फूल फाटेल. भिंग कसं धरतात? तसं. गोंजारून मार."

बाबांनी हे मायेने सांगितलं. काच जपणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? आणि टिटवीने ते मन लावून शिकून घेतलं. ती फूल अलगद जाळीपलीकडे टाकायची, कोपऱ्यात ठेवायची, समोरच्याला पळवून पळवून दमवायची. क्वचितच हरायची. हरली की काही दिवस हॉलकडे फिरकायची नाही. मुलं विचारायची, "टिटवे, कुठे उडाली होतीस?" ती म्हणायची, "मामाकडे." तिला मामा नव्हता.

जोराचे फटके ती फक्त गच्चीवर मारायची. हवेला पिसं नसतात ना!

मग निवडीचा दिवस आला. हॉलमध्ये शिकवणारे सर गावोगावच्या स्पर्धेसाठी संघ निवडणार होते. शेवटची एकच जागा उरली होती. संघातल्या मुलांना बूट, रॅकेट आणि लागतील तितकी फुलं मिळणार होती. म्हणजे टिटवीला त्या एका जागेत सगळंच मिळणार होतं. न भिता खेळायला मिळणार होतं.

तिच्यासमोर आला मालकांचा मुलगा. पोरगा वाईट नव्हता. जीव तोडून मारायचा, पिसं उडाली की हसायचा आणि पिशवीतून दुसरं फूल काढायचा. मालक स्वतः खुर्ची टाकून बघायला बसले होते.

टिटवीच्या बाबांनी भीतभीत सरांना विचारलं, "आज तरी फुलं हॉलची असतील ना, सर?"

"नियम सगळ्यांना सारखा असतो हो," सर म्हणाले.

सारखा! मित्रांनो, या शब्दाचा मला सगळ्यांत जास्त संताप येतो. एकाच उंचीचा उंबरठा कुणाला पायरी असतो, कुणाला भिंत.

पहिला डाव टिटवीने जिंकला. दुसरा त्याने. तिसरा डाव बरोबरीत आला आणि फूल उंच उडून तिच्या बरोबर डोक्यावर आलं. असा फटका आंधळाही सोडत नाही. तिचा हात मागे गेला. तिच्या दंडातला जोर मुठीतून माझ्या दांड्यात उतरला. मार, मी मनात ओरडले, मार गं पोरी!

आणि शेवटच्या क्षणी तिचं मनगट मऊ पडलं. तिने फूल गोंजारलं. त्याने ते पलीकडून धाडकन परत मारलं. पुढचा गुणही असाच गेला, आणि ती हरली.

सर जवळ आले. "डोकं छान चालतं तुझं. पण मनगटात जोर नाही, बेटा. पुढच्या वर्षी बघू."

मालक उदारपणे म्हणाले, "अंगात असावं लागतं हो ते. काही मुलांच्या मुळात नसतंच."

मला तोंड असतं तर मी काय बोलले असते, ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. मुळात नसतंच! ज्या माणसाने मला छत्र्यांत लटकवून ठेवलं, त्याने हे म्हणावं? जोर नाही म्हणे! जोर होता. तो रोज दाबून ठेवायला तिला किती जोर लागत होता, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक? आणि तिचे बाबा जवळच खाली मान घालून उभे होते. आपण काय शिकवून बसलो, ते त्यांना आत्ता कळत होतं.

म्हणून सांगते, मित्रांनो, तुमच्या कपाटात माझी एखादी बहीण लटकत असेल तर तिला बाहेर काढा. पण नुसती देऊन टाकू नका. ज्याला द्याल त्याच्याबरोबर खेळा, आणि फूल तुम्ही आणा. एखादं मूल हळू मारतंय असं दिसलं, तर त्याला दुबळं म्हणायच्या आधी विचारा, "का रे बाबा?" सरांनी एवढं विचारलं असतं तर!

ते कुणीच विचारलं नाही. मागून एका मुलाने मात्र विचारलं, "टिटवे, हरलीस ना? मग नवं फूल?"

हॉलच्या कोपऱ्यात मोडकी फुलं फेकायचं एक पिंप होतं. लोकांनी टाकलेलं उचलायचं नाही, ही आईची शिकवण. म्हणून टिटवी तिकडे कधी वळलीही नव्हती. आता ती सरळ चालत गेली, दोन्ही हातांनी पिंप ओढत कोर्टाच्या मागच्या रेषेवर आणलं, आणि त्यातलं एक पिसं झडलेलं फूल उचलून डाव्या हाताने वर उडवलं.

मी कडाडले. फूल जाळीवरून पलीकडच्या रेषेवर आदळलं. उरलीसुरली पिसं मालकांच्या बुटांशी येऊन पडली. हॉलमधले सगळे खेळ थांबले. तिने दुसरं मारलं. तिसरं मारलं. मालकांचा मुलगा ओरडला, "आईशप्पथ! बाबा, बघा तरी!"

सर पुढे धावले. "टिटवी! अगं, हे आधी का नाही मारलंस? इकडे ये. ये आधी इकडे!"

"थांबा सर," टिटवी म्हणाली, "अजून पिंप भरलेलं आहे," आणि तिने पुढचं फूल उचललं.